पिवळ्या टोपणाचं बटण

३ ऑगस्ट २०११, बुधवार

डॉक्टरांनी आज सगळ्यांना एकेक वही वाटली. चाचणीच्या तयारीत रोज काय केलं ते त्यात लिहायचं आणि तपासनिसाने मागितली तर दाखवायची. त्या वहीत मी लिहिलं, "मुलांचा वाढतक्ता : काम चालू." खरं म्हणजे त्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाची उंची साडेपाच फूट येत होती आणि कॉर्विन टेबलावर डोकं टेकून बसला होता. हे असलं लिहायला वेगळी वही हवी, म्हणून ही मी येताना औषधांच्या दुकानातून घेतली.

चाचणी वीस सप्टेंबरला आहे. आमचं सॉफ्टवेअर एकशेबारा डोळ्यांच्या दवाखान्यांत चालतं. आयोवा, विस्कॉन्सिन आणि थोडं इलिनॉय. आता सरकार म्हणतं, पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या डॉक्टरांना अनुदान मिळेल, पण सॉफ्टवेअर प्रमाणित हवं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ज्यांच्या हातात प्रमाणित सॉफ्टवेअर नसेल त्यांचं यंदाचं अनुदान गेलं. म्हणजे सप्टेंबरअखेर आमच्याकडे प्रमाणपत्र नसेल तर ते एकशेबारा दवाखाने दुसरीकडे जाणार. आणि कंपनी म्हणजे आम्ही सात माणसं, डॉक्टर होफर यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसणारी.

माझं काय जाईल ते मला पाठ आहे. माझा नवरा डेलमार खिडक्यांच्या कारखान्यात होता, तो कारखाना बंद पडला त्याला चार वर्षं झाली. त्याचा आरोग्य विमा माझ्या नोकरीवर आहे. पासष्टीनंतरचा सरकारी विमा मिळायला त्याला अजून तीन वर्षं आहेत.

९ ऑगस्ट, मंगळवार

चाचणीत काय काय विचारणार त्याचे कागद आधीच मिळतात. पायरीन् पायरी लिहिलेली असते. पेशंटची उंची भरा, वजन भरा, रक्तदाब भरा, सिगारेट ओढतो का ते भरा. डॉक्टर म्हणाले, "माझ्या दवाखान्यात वजनकाटाच नाही."

"आहे की," कॉर्विन म्हणाला. "चष्म्यांची पार्सलं तोलतो तो."

"त्यावर आपल्या पेशंट मिसेस होल्शरना उभं करू?"

"आधी त्यांना विचारा. माझ्या घरी बाळ येतंय, मला जिवंत राहायचंय."

कॉर्विन थायसेन आमचा मुख्य प्रोग्रामर. चौतीस वर्षांचा आहे आणि दिवसभर शेंगदाणे खातो. हुशार आहे, पण पेशंटच्या खुर्चीशेजारी एक दिवस उभा राहिलेला नाही. मी सव्वीस वर्षं उभी होते. डॉक्टर होफर यांच्या हाताखाली लोकांची नजर तपासली, डोळ्यांचा दाब मोजला, थेंब घातले. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला वर बोलावलं, कारण प्रोग्रामर लोकांना दवाखाना म्हणजे काय ते कोणीतरी सांगायला हवं होतं.

रंगीत टोपणांची बटणं माझी कल्पना. म्हाताऱ्या पेशंटला विचारा, कोणते थेंब घालता? नाव कोणालाच सांगता येत नाही. "सकाळी पिवळं, झोपताना हिरवट-निळं," असं म्हणतात. आम्हीही तसंच बोलतो. बाटल्यांच्या टोपणांचे रंग ठरलेले असतात. म्हणून पडद्यावर रंगीत टोपणांची ओळ काढली. पिवळ्यावर बोट ठेवलं की नोंद झाली. डॉक्टर लोक या बटणांवर जीव टाकतात. विस्कॉन्सिनमधल्या एका डॉक्टरीणबाईंनी तर मला ख्रिसमसला चीज पाठवलं होतं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

डेलमारचा खोकला जात नाही. जिना चढला की मध्येच कठडा धरून उभा राहतो आणि मला सांगतो की खिडकीतून नदी बघतोय. जिन्यात खिडकी आहे, पण तिथून शेजाऱ्यांचं गॅरेज दिसतं.

चाळीस वर्षं लाकडाची धूळ खाल्ली आणि आता तळघरात बसून लाकडाची बदकं कोरतो. मी म्हटलं, ती बदकं बंद कर. "बदकांनी काय केलंय तुझं?" म्हणाला. मी तळघराच्या दाराला कुलूप घालीन अशी धमकी दिली.

त्याचे हात थरथरतात म्हणून जूनपासून त्याचे थेंब मीच घालते. डॉक्टरांना त्याच्या डोळ्याचा दाब वाढलेला सापडला तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पिवळं. खालची पापणी ओढायची, एकच थेंब टाकायचा, गालावर ओघळ येता कामा नये. सव्वीस वर्षांत माझा नेम चुकलेला नाही.

१७ ऑगस्ट, बुधवार

आजचा दिवस चांगला गेला. लाल सूचना चालली!

ही सूचना आमच्याकडे आधीपासून आहे, पण चाचणीच्या कागदातल्यासारखी चालवून दाखवणं ही सगळ्यात अवघड पायरी होती. पेशंटला एखादं औषध सोसत नसेल आणि डॉक्टरने तेच किंवा त्याच्या जातीचं औषध लिहिलं, तर पडदा लाल व्हायला हवा; पेशंटच्या आजारात न चालणारं औषध लिहिलं तरीही. सरावासाठी खोटा पेशंट हवा होता, तो मी डेलमारवरून बनवला. नाव ठेवलं एल्मर दाल, बाकी सगळं त्याचंच. नऊ वर्षांपूर्वी हातांच्या थरथरीवर त्याला प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या दिल्या होत्या आणि दुसऱ्याच दिवशी श्वास अडकून हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. ते 'सोसत नाही' च्या रकान्यात टाकलं. मग त्याच जातीची दुसरी गोळी लिहिली, आणि पडदा असा लाल झाला की डॉक्टर खुर्चीतून उठले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एल्मर पूर्ण व्हावा म्हणून मी त्याला पिवळं टोपणही लावलं. ते अगदी शहाण्यासारखं कोपऱ्यात जाऊन बसलं. लाल नाही, आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, "हेच हवं. ऊठसूट बोंबलणारं सॉफ्टवेअर मला नको." मला अगदी धन्य वाटलं.

२२ ऑगस्ट, सोमवार

चार दिवस डी मॉइनला बहिणीकडे गेले होते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. काल परत आले तर डेलमार अंगणात मक्याची कणसं सोलत शिट्टी वाजवत होता. खोकला नाही. जिना सरळ चढला.

"बदकं बंद केलीस वाटतं?"

"छे! तीन केली. तू नव्हतीस, शांतता होती, त्यानेच बरं वाटलं."

मी थेंबांची बाटली उजेडात धरून बघितली. गेले तेव्हा होती तेवढीच भरलेली! चार दिवस त्याने एक थेंब घातला नव्हता. हात थरथरतो, नाकावर पडतो, शेजारणीला थेंब घालायला कसं सांगायचं, अशी कारणं. मी इतकी चिडले की त्याला तिथेच अंगणात खुर्चीवर बसवून थेंब घातला. डोळ्याच्या दाबाने माणूस आंधळा होतो आणि हा शिट्ट्या वाजवतो!

१ सप्टेंबर, गुरुवार

खोकला परत आला. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बसून राहिला आणि प्रार्थना सुरू झाल्यावर आत आला. मागच्या बाकावरून मला हात करत होता, जणू काही झालंच नाही.

ऑफिसात वाढतक्ता एकदाचा सरळ झाला. पण आता छापला की उलटा येतो.

८ सप्टेंबर, गुरुवार

डेलमारला ओढतच आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, कारखान्याचं विचारलं, बदकांचंही विचारलं. मी विजयी नजरेने डेलमारकडे बघितलं. इन्हेलर लिहून दिला.

तिथली नर्स म्हणाली, "चालू औषधं सांगा."

"रक्तदाबाची एक गोळी आणि कोलेस्टेरॉलची एक," डेलमार म्हणाला.

"बस, एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

येताना टर्की आणि ड्रेसिंगचं सँडविच खाल्लं. अर्धं त्याने ठेवलं. डेलमारने सँडविच अर्धं टाकल्याचं मला आठवत नाही.

१३ सप्टेंबर, मंगळवार

आज कॉर्विनशी वाजलं. सात दिवस राहिले असताना हा नवीन काहीतरी घेऊन आला.

म्हणाला, "मार्लिस, तुमची टोपणाची बटणं नुसती अक्षरं लिहितात. औषधांच्या यादीत जात नाहीत."

"मग?"

"लाल सूचना यादी वाचते. टोपणं वाचत नाही."

"चाचणीच्या कागदात थेंब आहेत का?"

त्याने पानं उलटून दाखवली. "नाहीत. सगळ्या गोळ्याच आहेत. माझं म्हणणं, प्रत्येक टोपणामागे औषधाचा नंबर जोडावा. पण रंग एक आणि औषधं अनेक. पिवळ्यातच पाच-सहा कंपन्या आहेत. तीन आठवडे तरी जातील."

"तीन आठवडे! अरे बाबा, आपल्याकडे तीन आठवडे आहेत का? कधी कोणाला थेंबाने काय झालंय? चालत्या गाडीचं चाक काढू नकोस."

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला आणि शेंगदाण्याची पुडी उचलून गेला. जाताना तोंड एवढंसं झालं होतं. तारखा बघितल्या तर मीच बरोबर आहे. डॉक्टरांच्या कानावर घातलं, तेही म्हणाले, आता काही हलवायचं नाही.

१९ सप्टेंबर, सोमवार

उद्या चाचणी. शेवटचा सराव पूर्ण झाला, एकही चूक नाही. डॉक्टरांनी खालचा दवाखाना उद्या बंद ठेवलाय. त्यांचं वय सहासष्ट. या सॉफ्टवेअरसाठी त्यांनी काय काय पणाला लावलंय ते मला माहीत आहे, त्यांच्या बायकोला माहीत नाही.

डेलमार आज दिवसभर खुर्चीतच होता. इन्हेलरने काही फरक नाही. उद्याचं पार पडलं की त्याला मोठ्या हॉस्पिटलात दाखवते. एक दिवसाचा प्रश्न आहे.

२० सप्टेंबर, मंगळवार

झालो पास!!

तपासनीस मिसेस प्रेथर फोनवर, आमचा पडदा तिला तिच्या ऑफिसात दिसतो. आवाज इस्त्री केलेला. साडेपाच तास एकदाही हसली नाही. मी तिच्यासमोर टाईप करत होते. प्रत्येक पायरीनंतर ती म्हणायची, "नोंद केली." वाढतक्ता, "नोंद केली." लाल सूचना, "नोंद केली." शेवटी म्हणाली, "सर्व निकष पूर्ण. सादरकर्तीने एक हमीपत्र सही करून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पाठवायचं, म्हणजे प्रमाणपत्राचा क्रमांक निघेल." सादरकर्ती म्हणजे मी.

फोन ठेवल्यावर डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळून मला मिठी मारली. सव्वीस अधिक पाच वर्षांत पहिल्यांदा. कॉर्विनने बायकोला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "बाळंतपण विम्यात बसलं!"

२१ सप्टेंबर, बुधवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. दुपारचे दोन वाजलेत. तो जिवंत आहे.

सकाळी सातला मी त्याला थेंब घातला. तो तळघरातून थंडीत बाहेरून बसवायच्या जादा खिडक्या वर आणायला गेला. मी नको म्हटलं होतं. एक खिडकी घेऊन वर आला, ती भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे बघायला लागला. बोलता येत नव्हतं. ओठ निळसर झाले होते. इन्हेलर मारला, परत मारला, काही होईना. अँब्युलन्स आठ मिनिटांत आली म्हणे. मला ती आठ मिनिटं नव्हती वाटली.

इथे एक तरुण मुलगी आली, श्वासाच्या विभागातली. औषधं विचारली. मी सांगितली : इन्हेलर, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची.

"डोळ्यात, नाकात, कातडीवर काही?"

"डोळ्यात फक्त थेंब आहेत."

"कोणते?"

"पिवळं," मी म्हटलं.

"पिवळं म्हणजे काय?"

मग मी नाव सांगितलं. टिमोलॉल. तिने डेलमारच्या मनगटावरची, न सोसणाऱ्या औषधांची लाल पट्टी वळवून वाचली. तिच्यावर प्रोप्रॅनोलॉल लिहिलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, ही दोन्ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. डोळ्यातून नाकात उतरतं, तिथून रक्तात जातं. शेवटचा थेंब कधी घातलाय?"

"सातला."

"घालतं कोण?"

२२ सप्टेंबर, गुरुवार

डेलमार बोलतो. नाकाला नळी आहे. मी त्याला सगळं सांगितलं. जूनपासूनचं, डी मॉइनचं, कॉर्विनचंही. मला रडणं आवरेना. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हणजे बदकं निर्दोष."

"डेलमार!"

"आणि तुझा नेमही चांगला होता, ते मान्य." हसायला गेला आणि खोकला आला. मग माझा हात धरून म्हणाला, "आणखी किती जण घालतात ते पिवळं?"

मी तिथून सरळ ऑफिसात गेले. एल्मर दाल उघडला. 'सोसत नाही' च्या रकान्यात प्रोप्रॅनोलॉल ठळक दिसत होतं. त्याच्या शेजारी चार बोटांवर पिवळं टोपण. पुसून पुन्हा लावलं. दहा वेळा लावलं. पडदा पांढराच राहिला. गोळी लिहिली की लाल. आमचे दवाखाने वर्षाला किती गोळ्या लिहितात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. डोळ्यांचे डॉक्टर थेंब देतात. आम्ही साडेपाच तास गोळ्यांची परीक्षा दिली आणि पास झालो.

डॉक्टरांना दाखवलं. ते खाली बसले. "डेलमारला ते मीच दिलं," म्हणाले. "रकाना समोर होता. मला वाटलं, काही असतं तर लाल झालं असतं."

कॉर्विन दारात उभा होता. त्याने एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग डॉक्टर हळूहळू सावरले आणि त्यांच्यातला मालक बोलायला लागला. "हे बघ मार्लिस, आपण खोटं काही केलं नाही. कागदात थेंब नव्हते. उद्या तू सही कर. सोमवारपासून कॉर्विनला याच कामाला बसवू. ऑक्टोबरअखेर दुरुस्त केलेलं सगळ्यांना पाठवू."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत दवाखान्यांना एक पत्र पाठवू. जरा सौम्य भाषेत."

"हमीपत्र वाचलंत का तुम्ही? 'पेशंटच्या नोंदीतील सर्व औषधे सूचनेसाठी तपासली जातात.' त्याखाली माझं नाव आहे."

"विमा कोणाचा आहे ते आठवतंय का तुला? हॉस्पिटलचं बिल येईल तेव्हा काय करणार आहेस?"

ते बरोबर बोलत होते. म्हणूनच मला त्यांचा राग आला. मी सकाळपर्यंत वेळ मागितला. हे लिहिताना माझं काही ठरलेलं नाही. सही केली तर डेलमारला विमा. नाही केली तर ज्याच्यामुळे नाही केली त्यालाच विमा नाही. मला भीती वाटते, आणि लाजही वाटते की एवढं होऊनही मला विचार करावा लागतो.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

आठला ऑफिसात गेले तर कॉर्विन आधीच आलेला. डोळे तांबारलेले. त्याने नोंदींत शोध घेणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. ज्यांच्या नोंदीत पिवळं टोपण आहे आणि शिवाय दमा आहे किंवा त्या घराण्याचं औषध सोसत नाही, त्यांची नावं काढायची. दवाखान्यांच्या नोंदी त्यांच्या त्यांच्या कॉम्प्युटरवर असतात, म्हणून आधी खालच्या आमच्याच दवाखान्यात चालवला.

सहा नावं. एका दवाखान्यात सहा. तिसरं डेलमारचं होतं.

मी तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर हमीपत्राशेजारी ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला. सहाही माणसं त्यांच्या ओळखीची. एक तर त्यांच्याच गल्लीत राहणारा. बराच वेळ ते त्या नावांवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "एकशेबारा दवाखाने."

"हो."

"आपण बुडणार, मार्लिस."

"बुडू शकतो."

त्यांनी हमीपत्र उचलून माझ्या हातात दिलं. "तुझं नाव आहे. फोन तूच कर. नंतर मला दे, मी मालक म्हणून बोलतो."

अकरा वीसला मी मिसेस प्रेथरला फोन लावला. कागदावर लिहूनच घेतलं होतं. सगळं वाचून दाखवलं : टोपणं, अक्षरं, एल्मर दाल, माझा नवरा. तेरा सप्टेंबरला मला सांगितलं गेलं होतं आणि मी हात लावू दिला नाही, हेही. मग तोच इस्त्रीचा आवाज, "नोंद केली." पुढे म्हणाली, "पुन्हा चाचणीसाठी सगळ्यात लवकरची तारीख एकोणतीस नोव्हेंबर आहे. लिहू?"

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणजे या वर्षाचं अनुदान कोणत्याच दवाखान्याला मिळणार नाही. आमच्यामुळे.

दुपारी सगळ्यांना पत्र आणि कॉर्विनचा शोध गेला. सौम्य भाषा नव्हती. पहिली ओळ डॉक्टरांनी स्वतः सांगितली : "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या चुकीमुळे तुमच्या पेशंटना धोका आहे." चार वाजेपर्यंत नऊ दवाखान्यांनी आम्हाला सोडत असल्याचं कळवलं. चीज पाठवणाऱ्या बाईंनी कळवलं की त्यांच्याकडे अकरा नावं निघाली. पुढे काही लिहिलं नव्हतं.

२६ सप्टेंबर, सोमवार

डेलमार काल घरी आला. पिवळं बंद. नवे थेंब वेगळ्या जातीचे आहेत. मी बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचून मगच घालते. पहिल्यांदा घालताना माझा हात थरथरला, थेंब गालावर पडला. "आता दोघांचे हात सारखे," तो म्हणाला.

आज सोडणारे दवाखाने सव्वीस झाले. ऑफिसात फोन वाजला की कोणी पटकन उचलत नाही.

आमच्या सहा नावांपैकी डेलमार सोडून पाच. शुक्रवारीच दोघांना डॉक्टरांनी फोन केले आणि दोघांचेही थेंब बदलले. त्यांच्या गल्लीतला माणूस म्हणाला, तरीच रात्री बसून झोपावं लागत होतं. आज उरलेले तीन मी घेतले. पहिल्याने ते थेंब कधीच सुरू केले नव्हते. दुसरीने लगेच नातवाला बोलावून बाटली कचऱ्यात टाकायला लावली आणि मला आशीर्वाद दिले. ते मला ऐकवेनात.

शेवटच्या हर्मिना लुबेन, बेलव्ह्यूच्या, वय एकोणऐंशी. नोंदीत लहानपणापासूनचा दमा. पिवळं टोपण एप्रिलपासून. फोन एका बाईने उचलला.

"मिसेस लुबेन आहेत का?"

"मी त्यांची मुलगी. आई जुलैत गेली."

"मला माफ करा," मी म्हटलं.

"नाही नाही, तुम्हाला कुठून माहीत असणार? दम्याने गेली. खरं तर कितीतरी वर्षं तिला त्रास नव्हता, पण उन्हाळा वाईट गेला." तिचा आवाज मोकळा होता. कुठल्याशा दवाखान्यातून म्हातारीची तारीख ठरवायला फोन आलाय असंच तिला वाटत होतं. "तुमचं काही काम होतं का? चष्म्याचं काही राहिलंय का?"

समोर डॉक्टर बसले होते. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी डोळे मिटले. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं : नाही, काही काम नव्हतं, देव त्यांना शांती देवो. तिने आभार मानून फोन ठेवला असता. कोणालाच कधी कळलं नसतं.

"काम होतं," मी म्हटलं. "तुमच्या आईच्या डोळ्यात एप्रिलपासून जे थेंब घातले जात होते, त्यांच्याविषयी आहे. त्या थेंबांवर आमच्या कॉम्प्युटरने धोक्याची सूचना द्यायला हवी होती, ती दिली नाही. तो भाग मी बनवलेला आहे."

मागे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला.

"थेंब मीच घालत होते," ती म्हणाली. "दोन्ही वेळचे."

"मीही घालत होते," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याच्या डोळ्यात."

मग तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "थांबा, कागद-पेन घेते," ती म्हणाली. "आता पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.